नहरीचे मनोरे : हलता भाग नसलेल्या झडपा

बीजशब्द : नहर-ए-अंबरी, पाणचक्की, खापरी नळ, उच्छ्वास, झडप, जलदाबरेषा

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की पाहण्यास येणाऱ्या पर्यटकाचे लक्ष प्रथम वेधून घेते ती उंच भिंतीवरून हौदात कोसळणारी पाण्याची धार. हे पाणी उत्तरेकडील डोंगरांतून जमिनीखालच्या नळांनी येते आणि कोणत्याही पंपाशिवाय भिंतीवर चढते. ते कसे चढते, असे विचारले असता 'सायफनने' हे उत्तर ठरलेले असते. मात्र जुन्या शहरात आणि त्याच्या आसपास जे दगड-विटांचे ओबडधोबड मनोरे ठिकठिकाणी उभे आहेत, त्यांच्याविषयी सहसा कोणी विचारीत नाही. कोणी त्यांना पडक्या बुरुजाचा अवशेष समजतो, कोणी जुनी पाण्याची टाकी. वस्तुतः हे मनोरे म्हणजे नहरींच्या झडपा होत. त्यांचे कार्य ध्यानात न घेता नहरीची डागडुजी केली, तर दुरुस्तीच नहरीच्या नाशास कारण ठरू शकते. म्हणून प्रस्तुत लेखात या मनोऱ्यांच्या कार्यपद्धतीचा विचार केला आहे. तुलनेसाठी थंड देशांतील जुन्या घरांमधील गरम पाण्याच्या रेडिएटर व्यवस्थेचा आधार घेतला आहे. कारण दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे : बंद नळीत पाण्याबरोबर शिरलेल्या हवेचे आणि वाढलेल्या दाबाचे करावयाचे काय?

झडप म्हणजे काय?

मराठीत या वस्तूला अनेक शब्द आहेत. घरातल्या भांड्याला तोटी असते, रस्त्यावरच्या नळाला चावी असते, विहिरीवरच्या पंपाला झडप असते, आणि नगरपालिकेच्या माणसाच्या तोंडी व्हॉल्व्ह असतो. या सर्व शब्दांतून डोळ्यांपुढे येते ती पाणी सोडण्याची आणि अडवण्याची क्रिया. परंतु झडपेचे काम एवढ्यावर संपत नाही. कोंडलेली हवा बाहेर सोडणे आणि नळीतील दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणे ही तिची आणखी दोन कामे होत. पाणी अडवणारी झडप नसेल तर फार तर पाणी वाया जाते. उरलेल्या दोन कामांची व्यवस्था नसेल तर मात्र नळ बंद पडतो किंवा फुटतो.

महाराष्ट्रातील घरात पाणी तापवण्यासाठी वापरला जाणारा तांब्याचा बंब हे याचे सोपे उदाहरण आहे. बंबाच्या पोटातील नळकांड्यात विस्तव असतो आणि भोवती पाणी. पाणी तापले की प्रसरण पावते, उकळले की वाफ होते. तरीही बंब फुटत नाही, कारण त्याचे वरचे तोंड कधीही घट्ट बंद केलेले नसते. ते सैल झाकण हीच बंबाची सुरक्षा-झडप.

युरोपात 1850 च्या दशकापासून प्रसार पावलेली रेडिएटरची व्यवस्था याच तत्त्वाचा विस्तार आहे. तळघरातील बॉयलरमध्ये पाणी तापते, हलके होऊन वर चढते, खोल्याखोल्यांतील ओतीव लोखंडाच्या पोकळ फण्यांतून फिरते आणि थंड होऊन परत खाली येते. दहा अंशांचे पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे घरात दोनशे लिटर पाणी फिरत असेल तर सुमारे सहा लिटर पाण्याला नवी जागा हवी. जुन्या घरांत ही जागा माळ्यावरच्या उघड्या टाकीत असे. दुसरा प्रश्न हवेचा. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे एकोणीस मिलिलिटर हवा विरघळलेली असते; पाणी तापताच तिच्यातील निम्म्याहून अधिक हवा बाहेर पडते आणि रेडिएटरच्या माथ्याशी साचते. मग रेडिएटर खाली गरम आणि वर गार राहतो. यासाठी माथ्याशी एक छोटी हवाझडप बसवलेली असते. चौकोनी तोंडाच्या किल्लीने ती किंचित सैल केली की फुसकन हवा निघते आणि मागोमाग पाण्याचा थेंब दिसला की ती बंद करावयाची.

अशा रेडिएटरच्या खालच्या बाजूस बहुधा दोन झडपा असतात. एकीला हाताने फिरवायचे चाक असते. ती खोलीत राहणाऱ्यासाठी. दुसरी टोपणाखाली झाकलेली असते. बॉयलरजवळच्या खोल्यांनी सगळे गरम पाणी ओढून घेऊ नये व दूरच्या खोल्यांनाही त्यांचा वाटा मिळावा, म्हणून कारागिराने ती एकदा ठरावीक प्रमाणात उघडून ठेवलेली असते. जुने घर घेणाऱ्यांकडून हमखास होणारी चूक या झडपेबाबत होते. अर्धवट उघडी दिसते म्हणून ती पूर्ण उघडली जाते, आणि दुसऱ्या टोकाची खोली गार का पडली याचा उलगडा होत नाही. 1943 साली डेन्मार्कमध्ये डॅनफॉस कंपनीने खोलीच्या तापमानानुसार आपोआप मिटणारी झडप तयार केली आणि हाताच्या चाकाची जागा हळूहळू तिने घेतली. टोपणाखालची झडप मात्र पुष्कळ घरांत अजून तशीच आहे.

मराठवाड्यातील हवामानात खोल्या तापवण्याची गरज नसल्याने रेडिएटर येथे आले नाहीत. पण हवा सोडणे, दाब आवरणे आणि पाण्याचे वाटे ठरवणे ही तिन्ही कामे येथील जलवाहिन्यांना करावीच लागत होती, आणि ती करण्याची रीत अगदी निराळी होती.

नहरींची पार्श्वभूमी

निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास खडकी या गावाच्या जागी नवे नगर वसवले. 1626 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र फतेहखान याने या नगरास फतेहनगर हे नाव दिले. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीच्या काळात, 1653 मध्ये, ते औरंगाबाद झाले. खाम नदीचे पात्र बारमाही भरवशाचे नव्हते. म्हणून मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपलेले पाणी भुयारी मार्गाने एकत्र करून शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. तिची मुख्य वाहिनी माणूस आत उतरून गाळ काढू शकेल अशी बांधीव आहे; तिच्यातून पाणी आपल्या उताराने मोकळे वाहते. शहरात शिरल्यावर मात्र पाणी मातीच्या भाजलेल्या नळांत, म्हणजे खापरी नळांत, भरून वाहू लागते. मनोऱ्यांची गरज येथून सुरू होते.

पुढील काळात आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते हौदाची नहर आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीची नहर या त्यांतील प्रसिद्ध होत. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहीतील यात्रेकरू व निराधार यांच्यासाठी धान्य दळावे म्हणून अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. येथील मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात त्या दालनात जो गारवा जाणवतो, तो गरम पाण्याने खोली तापवण्याच्या युक्तीचा उलटा अवतार म्हणावा लागेल.

दख्खनमध्ये ही विद्या एकट्या औरंगाबादेची नव्हती. निजामशाहीची राजधानी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे खापरी नळांनी पाणी आणण्याची परंपरा मलिक अंबरच्या आधीपासून होती. आदिलशाही विजापुरात असे मनोरे आजही 'गंज' या नावाने ओळखले जातात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजहून आणलेल्या नळावर अशी बांधकामे होती आणि तेथे त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. या सर्व नावांत कार्याचा अचूक निर्देश करणारे नाव हेच. नळ श्वास टाकतो ती जागा म्हणजे उच्छ्वास.

सायफन की पातळी?

सायफन हे उत्तर तपासून पाहणे येथे आवश्यक आहे. खऱ्या सायफनमध्ये नळीचा माथा उगमाच्या पाणीपातळीपेक्षाही वर गेलेला असतो आणि तेथील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी असतो. अशा माथ्याला सुईएवढे छिद्र पडले तरी हवा आत ओढली जाते आणि प्रवाह तुटतो. नहरीच्या मनोऱ्याचा माथा तर उघडाच असतो. जेथे माथा उघडा आहे तेथे सायफन चालणे शक्य नाही. तेव्हा नहरीतील पाणी वर चढते ते केवळ आपली पातळी गाठण्यासाठी. डोंगरातील उगम पाणचक्कीच्या भिंतीपेक्षा उंचावर आहे. मधल्या सखल भागातून बंद नळाने आलेले पाणी घर्षणात गमावलेली उंची वजा करून उरलेल्या उंचीपर्यंत चढते. U आकाराच्या काचनळीत दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीत येते, तसेच हे. शब्दाचा हा वाद किरकोळ वाटेल, परंतु त्यावर व्यवहार अवलंबून आहे. नहर सायफनवर चालते असे मानणारा दुरुस्तीवाला मनोऱ्याचे उघडे तोंड पाहून 'येथून हवा शिरते' असे म्हणेल आणि ते सिमेंटने लिंपून टाकेल.

मनोऱ्याची रचना समजण्यास सोपी आहे. येणाऱ्या नळाचे पाणी मनोऱ्याच्या आतून वर चढते, माथ्यावरील लहानशा कुंडीत पडते आणि दुसऱ्या नळाने पुन्हा खाली उतरून पुढे जाते. एवढ्या साध्या वळशात झडपेची तिन्ही कामे होतात.

हवा

नळ जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत जातो. पाण्याबरोबर आलेली हवा चढाच्या माथ्याशी जमते आणि पलीकडच्या उतरणीत अडकून बसते. तेथे पाणी नळ भरून वाहत नाही, हवेच्या पोकळीखालून पातळ ओघळ होऊन उतरते. परिणामी त्या पोकळीच्या उंचीइतका दाब फुकट जातो. समजा, उगम आणि शेवट यांच्या पातळीत सहा मीटरांचा फरक आहे आणि वाटेत चार चढ आहेत. प्रत्येक चढापलीकडे दीड मीटर उंचीची हवा अडकली, तर चारही ठिकाणचे मिळून सहा मीटर होतात आणि प्रवाह पूर्णपणे थांबतो. नळ कोठे फुटलेला नाही, गाळ नाही, उगमाला पाणी आहे, आणि तरी शेवटी थेंब नाही. जुन्या नहरी 'आटल्या' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्यांतील काहींचे पाणी आटले नसून नळात हवा कोंडली असावी, ही शक्यता नाकारता येत नाही. उघड्या मनोऱ्यात मात्र हवा पाण्यासह कुंडीपर्यंत येते आणि निघून जाते. किल्ली नको, माणूस नको.

दाब

दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम असतो. खापरी नळाचा सांधा चुन्याचा. तो लोखंडासारखा ताण सोसत नाही. मनोऱ्याची कुंडी नळापासून पाच मीटर उंचीवर असेल, तर तेथे नळावरील दाब अर्ध्या किलोग्रॅमच्या फारसा पुढे जाऊच शकत नाही. तसा तो जाऊ लागला तर कुंडी ओसंडेल. पुढचा नळ नव्याने या कुंडीच्या पातळीपासून सुरुवात करतो. लांब वाहिनीचे असे तुकडे पाडल्यामुळे कोणत्याही एका सांध्यावर संपूर्ण डोंगराचा भार येत नाही.

जलाघाताची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ताठ नळात सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडवले, तर क्षणभरासाठी जवळजवळ शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब निर्माण होतो. घरातला नळ झटकन बंद केल्यावर भिंतीतून 'ठक्' असा आवाज येतो, तो याचाच. मातीच्या नळात हा आकडा कमी असला, तरी मातीची सोसण्याची ताकदही तशीच कमी. उघडा मनोरा असेल तर अडलेले पाणी नळाला धडक देण्याऐवजी वर उसळते आणि शांत होते. कोयना जलविद्युत प्रकल्पातील उल्लोळ विहीर हेच काम प्रचंड प्रमाणावर करते. तत्त्वाच्या दृष्टीने बेगमपुऱ्यातील मनोरा आणि ती विहीर यांत भेद नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. एकामागून एक मनोऱ्यांची माथी एका काल्पनिक रेषेने जोडली, तर ती रेषा उगमापासून शहराकडे हलकेच उतरत जाते. अभियंते तिला जलदाबरेषा म्हणतात. जमीन खोल गेली की मनोरा उंच होतो, जमीन वर आली की बुटका. माथ्यांची रेषा मात्र आपला उतार सोडत नाही. म्हणजे मनोऱ्याची उंची शोभेसाठी ठरलेली नाही. एखाद्या मनोऱ्याचा माथा हातभर खाली आणला तर पाणी तेथेच सांडेल आणि पुढच्या सर्व मनोऱ्यांना कमी पडेल. हातभर वाढवला तर मागच्या नळांवरील दाब वाढेल. ज्या काळात दाबमापक यंत्र नव्हते, त्या काळात ही रेषा जमिनीवर आखणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते.

गाळ आणि वाटणी

कुंडीत पाण्याचा वेग मंदावतो आणि बारीक माती तळाशी बसते. ती काढण्यासाठी नळ फोडावा लागत नाही. माणसाने वर चढून हाताने उपसली की झाले.

वाटणीच्या बाबतीत इस्तंबूलचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील उस्मानी काळातील अशाच मनोऱ्यांना 'सु तेराझिसी', म्हणजे पाण्याचा तराजू, असे नाव आहे. माथ्यावरील कुंडीच्या कडेला एकाच पातळीवर ठरावीक मापाच्या तोट्या बसवून वेगवेगळ्या वस्त्यांचे हक्क निश्चित केले जात. तोटीचे माप हेच पाण्याचे माप. रेडिएटरवरील टोपणाखालच्या झडपेने जे काम होते, तेच येथे छिद्राच्या आकाराने साधले. वाटा कोणाला किती मिळतो हे वर चढून पाहणाऱ्या कोणालाही डोळ्यांनी दिसते, हा या पद्धतीचा गुण अलीकडच्या बंद झडपांत राहिलेला नाही.

आजची वाहिनी

1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी पंपांनी उचलून शहरात आणले जाऊ लागले, तसतसे नहरींकडे दुर्लक्ष होत गेले. रस्तारुंदीकरण आणि नवी बांधकामे यांत काही मनोरे पाडले गेले, काही घरांच्या भिंतींत मिसळून गेले. मनोरा पाडून दोन्ही बाजूंचे नळ सरळ जोडून देणे हा त्या वेळी सोपा उपाय वाटतो. त्यानंतर पुढच्या खापरी सांध्यांवर दाब वाढतो, सांधे पाझरू लागतात, आणि पाणी कमी असेल तेव्हा त्याच भेगांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. पाणी पिण्यायोग्य राहत नाही, आणि दोष नहरीच्या जुनेपणाला दिला जातो.

लोखंडी वाहिनीलाही हवेपासून सुटका नाही. तिच्यावर उंचवट्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह बसवलेले असतात. आत एक तरंगणारा गोळा असतो. हवा असताना तो खाली पडून छिद्र उघडे ठेवतो, पाणी येताच वर उचलला जाऊन ते बंद करतो. वाहिनी सतत भरलेली असेल तर ही रचना उत्तम चालते. परंतु या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येणारे पाणी अनुभवले आहे. प्रत्येक वेळी वाहिनी रिकामी होते आणि पुन्हा भरते. गोळ्यावर गंज व गाळ चढतो, तो अडकतो. उघडा अडकला तर रस्त्याकडेला कारंजे उडते आणि लोक घागरी घेऊन जमतात. बंद अडकला तर भरताना हवा कोंडते, आणि रिकामी होताना वाहिनीत पोकळी निर्माण होऊन गळक्या सांध्यांतून घाण आत ओढली जाते. नळाला आधी पाच मिनिटे हवाच येते, ही गृहिणींची तक्रार या गोळ्याचीच कथा आहे. मनोऱ्यात अडकण्यासारखा गोळाच नाही. अर्थात त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत : पंपाच्या दाबाच्या वाहिनीवर उघडा मनोरा उभारायचा तर तो कित्येक मजले उंच करावा लागेल. तेव्हा एअर व्हॉल्व्हच्या जागी मनोरे बांधावेत असे येथे सुचवावयाचे नाही. जेथे मनोरे आहेत तेथे त्यांना मनोरेच राहू द्यावे, एवढाच आग्रह आहे.

डागडुजीचा क्रम

जुन्या रेडिएटरची झडप वर्षानुवर्षे फिरवलेली नसेल तर ती जोर लावून फिरवीत नाहीत. दांड्याभोवतीची दोरीची बांधणी वाळलेली असते आणि ती गळू लागते. शिवाय त्या काळच्या बांधणीत ॲस्बेस्टॉसचा दोरा असू शकतो, म्हणून ती नुसत्या हाताने खरवडणे धोक्याचे. आधी हवा सोडतात, दाब पाहतात, मग झडपेला हात लावतात. नहरीलाही हाच क्रम लागू पडतो. काम उगमापासून शहराकडे करावे. प्रथम मनोऱ्यांची तोंडे मोकळी करून त्यांवरील झाडोरा मुळांसह काढावा; पिंपळाचे मूळ खापरी नळात शिरले की सांध्यांतून वाट काढीत ते दूरवर जाते. माथ्याची मूळ पातळी जुन्या चुन्यावरील पाण्याच्या पांढऱ्या क्षाररेषेवरून ओळखता येते. दुरुस्ती त्या रेषेला धरून करावी. पडलेल्या भागाला सिमेंटऐवजी चुनाच वापरावा, कारण कडक सिमेंट मऊ खापराला तडा देते. त्यानंतर कुंडीतील गाळ, आणि सर्वांत शेवटी नळ.

कोरडी पडलेली नहर पुन्हा भरताना पाणी अगदी सावकाश सोडावे लागते. पहिल्या मनोऱ्यावर माणूस बसवावा. पाणी दिसण्याच्या कितीतरी आधी नळाच्या तोंडातून थंड, दमट हवा बाहेर पडू लागते. हात धरला तर ती जाणवते. मग गुडगुड ऐकू येते, गढूळ पाण्याचे एक-दोन उमाळे येतात, आणि धार सलग झाली की पुढच्या मनोऱ्यावरच्या माणसाला हाक द्यावयाची.